जुना लॅपटॉप, विंडोज १० वरून ११ (२४एच२ आवृत्ती): वायफाय मधेच तुटतं, राउटरवरची डिस्क उघडत नाही

खटपट्या:

लॅपटॉप २०१८ चा, आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी. वायफाय कार्ड क्वालकॉम अथेरॉस क्यूसीए९३७७, म्हणजे एकाच स्ट्रीमचं (डेटाचा एकच प्रवाह असलेलं) एसी, म्हणजे वायफाय ५ चं, कार्ड, ब्लूटूथही त्याच्यावरच. लॅनचं पोर्ट १०/१००. विंडोज १० प्रो (२२एच२) वरून जागच्या जागी विंडोज ११ प्रो २४एच२ ला अपग्रेड केलं, फाइल्स आणि प्रोग्रॅम तसेच ठेवून. राउटर वायफाय ६ चा, दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव, सुरक्षा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र, चॅनेल ऑटो. राउटरच्या यूएसबीला १ टीबीची डिस्क, पासवर्डशिवाय शेअर केलेली.

अपग्रेडनंतर दिसतंय ते असं:

वायफाय जोडलं जातं, पण पंधरावीस मिनिटांनी पृथ्वीगोलाचं चिन्ह येतं आणि ‘नो इंटरनेट’. एअरप्लेन मोड चालू-बंद केला की परत येतं. कधी वेळ जास्त, कधी कमी.

शटडाउन करून सकाळी चालू केलं की कधीकधी नेटवर्कची यादीच रिकामी. रीस्टार्ट केलं की यादी येते.

विंडोज १० वर लिंक स्पीड ४३३ एमबीपीएस दाखवायचं, आता बहुतेक वेळा ७२ किंवा त्याखाली.

\\१९२.१६८.१.१ उघडायला गेलं की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अनोळखी गेस्टला प्रवेश नाही, असा संदेश येतो. घरचाच लॅपटॉप आहे, कुठल्या संस्थेचा नाही.

फोन आणि दुसरा लॅपटॉप त्याच राउटरवर व्यवस्थित. ह्याच लॅपटॉपला तार लावली की इंटरनेट एकदम ठीक, फक्त डिस्क तारेवरूनही उघडत नाही. नेटवर्क ‘फरगेट’ करून परत जोडणं आणि ‘नेटवर्क रीसेट’ दोन्ही करून झालंय. विंडोज १० वर परत जायचं नाही. कुठून सुरुवात करावी?

तारजोडे:

हा एक बिघाड नाही, निदान तीन वेगवेगळे आहेत, आणि एकाच दिवशी सुरू झाले म्हणून एकच वाटतायत. डिस्कचा प्रश्न तारेवरही आहे, म्हणजे त्याचा वायफायशी काही संबंध नाही. तो बाजूला ठेवा, त्याच्यावर इथे कोणी ना कोणी लिहीलच. शटडाउननंतर यादी रिकामी आणि रीस्टार्टनंतर भरलेली, हे फास्ट स्टार्टअपचं लक्षण. उरलं ते मधेच तुटणं आणि वेग.

तारेवर सगळं नीट चालतं ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती. तेवढ्यावरून सेवा देणाऱ्याची लाइन, राउटरचं डीएनएस, एमटीयू, विंडोजचा टीसीपी/आयपी थर हे सगळं संशयाच्या बाहेर जातं. त्यामुळे डीएनएस बदला, आयपीव्ही६ बंद करा, विनसॉक रीसेट करा असे सल्ले तुम्हाला मिळतील, त्यात वेळ घालवू नका. बिघाड लॅपटॉपचं कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि राउटरची रेडिओ सेटिंग ह्या त्रिकोणात आहे.

तुटतं तेव्हा नक्की काय तुटतं ते आधी बघा. कमांड प्रॉम्प्टच्या एका खिडकीत ‘पिंग -टी १९२.१६८.१.१’ (राउटरला हाक) आणि दुसऱ्या खिडकीत ‘पिंग -टी १.१.१.१’ (बाहेरच्या इंटरनेटला हाक) चालू ठेवा. गोल आला की:

दोन्ही पिंग चालू असतील तर नेट चालू आहे आणि विंडोज खोटं बोलतंय. ते चिन्ह एका चाचणीवर ठरतं: विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकूर फाइल मागतं, ती अपेक्षित मजकुरासह आली नाही तर ‘नो इंटरनेट’ म्हणून मोकळं होतं. जुनं व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं डीएनएस ह्या चाचणीला आडवं येऊ शकतं.

राउटरचा पिंग चालू आणि बाहेरचा बंद, हे तुमच्याबाबतीत होईल असं वाटत नाही.

राउटरचाच पिंग गेला तर लगेच ‘आयपीकॉन्फिग’ बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला नाही. पत्ता १९२.१६८ चाच असून पिंग जात नसेल तर रेडिओ लिंक अर्धमेली आहे: विंडोजला वाटतं जोडलेलं आहे, कार्डाने मात्र हात वर केलेत. माझा अंदाज हाच.

मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ ने उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ द्या. गेल्या तीन दिवसांचा आलेख आणि प्रत्येक वेळी तुटण्याचं कारण असलेली एक एचटीएमएल फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तो पत्ता खाली येतो. तिच्यात तुटण्याच्या वेळा नीट बघा. दर वेळी अगदी ६० मिनिटांनी तुटत असेल तर राउटरच्या ग्रुप की (सगळ्या उपकरणांची सामाईक गुप्त किल्ली) नूतनीकरणाकडे बोट जातं, कारण बऱ्याच राउटरवर ती वेळ ३६०० सेकंद असते. भाडेपट्टीच्या, म्हणजे डीएचसीपी लीजच्या, बरोबर निम्म्या वेळी तुटत असेल तर पत्ता नवा करताना घोळ होतोय. वेळा अनियमित असतील तर ड्रायव्हर किंवा पॉवर सेव्हिंग.

आणखी एक: २४एच२ मध्ये नेटएसएचच्या बऱ्याच वायफाय कमांड लोकेशन सेवा बंद असेल तर चालत नाहीत, परवानगी नाही असं सांगतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकेशन तात्पुरतं चालू करा. ह्यामुळे कमांडच बिघडली असं समजू नका.

निवांत:

फास्ट स्टार्टअप बंद करा, यादी रिकामी येण्याचं बहुधा तिथेच संपेल. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरची निळी ओळ दाबून बंधन काढा आणि खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ही सोय चालू असते तेव्हा ‘शटडाउन’ खरा शटडाउन नसतो. कर्नल आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. ड्रायव्हर झोपताना वाकडा झोपला तर वाकडाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून फरक दिसतो. खूण न काढता नुसती खात्री करायची असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, तो पूर्ण शटडाउन असतो. एसएसडी आहे, सुरू व्हायला दोनचार सेकंद जास्त लागतील, एवढंच.

हे करूनही एखाद्या दिवशी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड १० किंवा ४३ दिसला, तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी बाहेर काढता येत असेल तर तीही काढा. कार्डाला उरलेली वीज जाऊन ते खरोखर शून्यातून सुरू होतं.

नेटवर्क रीसेट परत करू नका. तो सगळी ॲडॉप्टर काढून नव्याने बसवतो, पण ड्रायव्हर तोच बसवतो जो विंडोजच्या साठ्यात आहे. साठ्यातलाच चुकीचा असेल तर चुकीचाच परत येणार. वर वायफायचे पासवर्ड, व्हीपीएनची जोडणी आणि हाताने दिलेले पत्ते जातात ते वेगळंच.

शून्यएक:

आता ड्रायव्हर, कारण माझ्या मते खरं दुखणं इथे आहे.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॉप्टर्स, क्वालकॉमवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथली तारीख, आवृत्ती आणि पुरवठादार लिहून घ्या. अपग्रेडच्या वेळी विंडोज बरेचदा लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर बाजूला सारतं आणि त्या चिपसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतं. तो चालतो, पण त्या लॅपटॉपच्या अँटेना आणि वीजबचतीच्या हिशोबाने बसवलेली मूल्यं त्यात असतीलच असं नाही.

‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटन चालू असेल तर तेच दाबा. अपग्रेडनंतर ते बहुधा राखाडी असतं. मग दोन वाटा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर शोधा. विंडोज १० साठीचा ६४ बिट असला तरी ११ वर चालतो, रचना तीच आहे. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाट फार कमी लोक वापरतात. अपग्रेड होऊन १० दिवस झाले नसतील तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड हे फोल्डर असतं. त्यात विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी अशी वाट आहे, आणि तिथे जुन्या विंडोजचे सगळे ड्रायव्हर तसेच पडलेले असतात. आधी ते फाइलरिपॉझिटरी फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, कारण १० दिवसांनी विंडोज ते आपोआप पुसतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि त्या कॉपीकडे बोट दाखवा, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ ची खूण ठेवून. नवा आधीच बसलाय असं म्हणून विंडोज नकार देईल तर ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’ मध्ये जा, ‘हॅव डिस्क’ ने त्याच फोल्डरमधली आयएनएफ फाइल द्या. म्हणजे काल-परवापर्यंत बिनतक्रार चाललेला ड्रायव्हर परत मिळाला.

बसवण्याआधी तार लावून ठेवा, मधे वायफाय जाणारच. बसवून झाल्यावर विंडोज अपडेट तो परत बदलणार नाही ह्याची सोय करा. तुमच्याकडे प्रो आहे, तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटखाली ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू करा. ह्याने बाकीचेही ड्रायव्हर थांबतात हे लक्षात असू द्या, ग्राफिक्सचा वगैरे मग हाताने बघावा लागतो.

त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा कप्पा असेल तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढून घ्या. काही लॅपटॉपवर, विशेषतः मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी हलकी झोप) असलेल्या, हा कप्पाच दिसत नाही. ‘पॉवरसीएफजी /ए’ दिलं की तुमचं यंत्र कुठल्या प्रकारची झोप घेतं ते कळेल. कप्पा नाही म्हणून रजिस्ट्रीत खोदकाम करण्यापेक्षा आधी ड्रायव्हर बदलून बघा.

प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये नावं ड्रायव्हरगणिक बदलतात. २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झ, रोमिंगची आक्रमकता असेल तर सगळ्यात कमी. राउटर एकच आहे, तर सतत दुसरा शोधायची गरज काय?

आणि ॲडॉप्टरच्या मूळ प्रॉपर्टीजमध्ये, जिथे ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ ची ओळ असते, तिथे जुन्या अँटिव्हायरसचा किंवा व्हीपीएनचा फिल्टर लटकलेला आहे का बघा. विंडोज १० साठी लिहिलेले असे फिल्टर अपग्रेडमध्ये सोबत येतात आणि प्रत्येक पॅकेट त्यांच्यातून जातं. खूण काढून चालवून बघा. फरक पडला तर तो प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरने काढा.

कडीकुलूप:

डिस्कबद्दल. हा बिघाड नाही, २४एच२ ने मुद्दाम बदललेला नियम आहे.

राउटरची डिस्क पासवर्डशिवाय शेअर आहे, म्हणजे लॅपटॉप तिथे गेस्ट म्हणून शिरतो. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून शिरणं बंद केलंय, आणि शिवाय प्रत्येक एसएमबी (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची विंडोजची भाषा) जोडणीवर सही, म्हणजे सायनिंग, सक्तीचं केलंय. सहीसाठी पासवर्डावरून निघालेली किल्ली लागते. गेस्टला पासवर्डच नाही, मग सही कशाने करणार? म्हणून दोन्ही बाजूंनी दार बंद. ज्यांनी हे सेटिंग कधी हाताने ठरवलं नव्हतं त्यांना अपग्रेडनंतर नवा डिफॉल्ट लागू होतो. ‘संस्थेचं धोरण’ ही फक्त ठरलेली शब्दरचना आहे, तिचा अर्थ लावत बसू नका.

तुमच्या संदेशावरून एक चांगली गोष्ट कळते. राउटर फक्त एसएमबी१ बोलणारा असता तर वेगळा संदेश आला असता: शेअर सुरक्षित नाही, त्याला कालबाह्य एसएमबी१ लागतो असा, चूक क्रमांक ३८४. गेस्ट अडवल्याचा संदेश, म्हणजे १२७२, आला ह्याचा अर्थ राउटर एसएमबी२ किंवा त्यापुढचं बोलतो. तेव्हा ‘विंडोज फीचर्स’ मध्ये जाऊन एसएमबी१ चालू करायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. तो चालू करूनही हे दार उघडणार नाही, आणि तो धोकादायक आहे. मे २०१७ मधलं वॉनाक्राय एसएमबी१ मधल्याच भोकातून पसरलं होतं.

करायचं असं: राउटरच्या पानावर यूएसबी स्टोरेज किंवा सांबा अशा नावाखाली जा, गेस्ट किंवा अनामिक प्रवेश बंद करा, एक वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा. लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल म्हणून १९२.१६८.१.१ साठी तेच नाव आणि पासवर्ड घाला. आधीच्या अर्धवट जोडण्या तोडायला ‘नेट यूज * /डिलीट’ द्या, नाहीतर एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडताय अशी १२१९ क्रमांकाची चूक येते आणि माणूस उगाच पासवर्डावर संशय घेतो. मग \\१९२.१६८.१.१ उघडा.

डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ मध्ये राउटर दिसला नाही तरी हरकत नाही. ती यादी पूर्वी एसएमबी१ च्या जोरावर बनायची, आता वेगळ्या पद्धतीने बनते आणि जुने राउटर त्यात दिसत नाहीत. सरळ पत्ता टाका किंवा ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करा.

अपग्रेडनंतर घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ झालंय का तेही एकदा बघा. पब्लिक असेल तर दुसऱ्या लॅपटॉपला तुमच्या लॅपटॉपवरचे शेअर दिसणार नाहीत. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट’ करा. तार आणि वायफाय दोन्हींचं वेगवेगळं असतं.

सरळमार्गी:

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन ला -रिक्वायरसिक्युरिटीसिग्नेचर $फॉल्स द्या, मग -एनेबलइन्सिक्युअरगेस्टलॉगन्स $ट्रू द्या. दोन ओळीत डिस्क उघडते.

कडीकुलूप:

उघडते, नाकारत नाही. पण हा बदल फक्त त्या डिस्कपुरता नाही, लॅपटॉप जिथे जिथे जाईल तिथे लागू होतो. बाहेरच्या वायफायवर कोणीही त्याच नावाचा सर्व्हर असल्याचं सोंग घेतलं तर लॅपटॉप ओळख न पटवता आत जाईल. लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर हे करू नये. राउटरमध्ये वापरकर्ता तयार करायची सोयच नसेल तर निदान दुसरी ओळ तेवढ्यापुरती चालू करा, पहिलीही लागेलच, आणि काम झालं की दोन्ही पूर्वीसारख्या करा. राउटर पासवर्ड स्वीकारतो पण सही करत नाही अशी जातही आहे. तिथे ‘क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड’ असा संदेश येतो. त्याला राउटरचं फर्मवेअर अपडेट हा पहिला उपाय.

खटपट्या:

सगळ्यांचे आभार. निकाल असे:

फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर रिकामी यादी परत दिसलेली नाही.

राउटरवर वापरकर्ता तयार करून डिस्क उघडली. गेट-एसएमबीकनेक्शन मध्ये डायलेक्ट, म्हणजे एसएमबीची आवृत्ती, ३.० च्या पुढचं दिसतंय, म्हणजे एसएमबी१ चा प्रश्नच नव्हता.

गोल येतो तेव्हा राउटरचाच पिंग जातो, पत्ता मात्र १९२.१६८ चाच राहतो. विंडोज.ओल्ड मधून जुना ड्रायव्हर बसवला. तुटणं बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम नोंदीत एनडीआयएसची (विंडोजचा नेटवर्क ड्रायव्हर सांभाळणारा भाग) १०४०० क्रमांकाची नोंद त्या वेळेला सापडते. रिपोर्टमधल्या वेळा अनियमित आहेत.

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस: ८०२.११एन, चॅनेल ६, सिग्नल ८४ टक्के, रिसीव्ह रेट ७२.२. ५ गिगाहर्ट्झवर जातच नाही. राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल १०० दिसतोय.

शून्यएक:

१०४०० म्हणजे कार्डाने आदेशांना उत्तर देणं थांबवलं म्हणून विंडोजने त्याला मुळापासून रीसेट केलं. ड्रायव्हर सुधारल्यावरही हे उरलंय, तर राउटरकडून काहीतरी असं येतंय जे ह्या कार्डाला पचत नाही. आकडे बघूया.

७२.२ हा वेग तुटका किंवा कमी नाही. एका स्ट्रीमच्या कार्डाला २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीत तेवढाच कमाल वेग मिळतो. ४३३ दिसायचं ते ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीत. म्हणजे वेगाची तक्रार ही बँडची तक्रार आहे. ८४ टक्के सिग्नलही उत्तम, विंडोजच्या हिशोबात ५० टक्के म्हणजे उणे ७५ डीबीएम आणि १०० म्हणजे उणे ५०, तर तुमचा साधारण उणे ५८ झाला.

५ गिगाहर्ट्झवर का जात नाही? चॅनेल १०० हा रडारसोबत वाटून घेतलेल्या पट्ट्यातला आहे. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर लॅपटॉपला आपणहून ‘कोणी आहे का’ असं ओरडायची मुभा नसते, राउटरचा बीकन (तो ठरावीक वेळाने पाठवतो ती ‘मी इथे आहे’ ची खूण) ऐकू येईपर्यंत गप्प थांबावं लागतं. जुनी कार्डं तिथे कमी वेळ रेंगाळतात आणि नाव एक असल्यामुळे २.४ वर आधी सापडलेल्या राउटरला चिकटतात. राउटर ऑटोवर असला की रडारचा भास झाला तरी चॅनेल बदलतो, तेव्हाही लॅपटॉप मागे राहतो.

राउटरमध्ये हे करा, आणि एकेक करून, मधे निदान अर्धा दिवस ठेवून, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाखाली चालवायची सोय) बंद. ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६, ४०, ४४, ४८ पैकी एकावर पक्का करा, रुंदी ८०. १६० ठेवू नका, ह्या कार्डाला उपयोग नाही आणि ३६ पासूनची १६० ची पट्टी परत रडारच्या भागात शिरते. लॅपटॉपला फक्त ५ चं नाव शिकवा, २.४ चं ‘फरगेट’ करा. २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११.

मग सुरक्षा. मिश्र डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मध्ये राउटर व्यवस्थापन फ्रेम्सच्या (जोडणं-तोडणं ठरवणारे संदेश) संरक्षणाची बोलणी करतो, आणि जुन्या ड्रायव्हरचा तोल इथे जातो. आधी ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ मध्ये तुमचं कार्ड डब्ल्यूपीए३-पर्सनल दाखवतं का बघा. दाखवत नसेल तर मिश्र ठेवून ह्या लॅपटॉपला काहीच मिळत नाही. डब्ल्यूपीए२-पर्सनल, फक्त एईएस (एन्क्रिप्शनची पद्धत) करा. टीकेआयपी ही जुनी पद्धत अजिबात नको, ते निवडलं की वेग ५४ वर येऊन थांबतो. बाकी उपकरणांना डब्ल्यूपीए३ हवं असेल आणि राउटरला दुसरं नाव चालवता येत असेल तर ह्या लॅपटॉपसाठी वेगळं डब्ल्यूपीए२ चं नाव काढा. गेस्ट नेटवर्क वापरू नका, तिथून डिस्क दिसणार नाही.

एवढ्यावरही १०४०० आला तर ५ गिगाहर्ट्झवरचा एएक्स (वायफाय ६) मोड बंद करून एसी (वायफाय ५) ठेवा. जुन्या ड्रायव्हरना एएक्सचे बीकन नीट वाचता येत नाहीत, काहींना तर ते नेटवर्क यादीतच दिसत नाही.

तारजोडे:

दोन पुरवण्या. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू असेल तर घरच्या नेटवर्कसाठी बंद करा, नाहीतर राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) बांधलेला आयपी किंवा फिल्टर कामाचा राहत नाही. आणि २.४ वर असताना ब्लूटूथ हेडफोन जोडून चाचणी घेऊ नका. दोघं एकाच कार्डावर आणि एकाच पट्ट्यात, वेग पडणारच.

बॅटरी काढून ३० सेकंदांचा तो उपाय केलात तर नंतर घड्याळ बघा. सात-आठ वर्षं जुन्या यंत्रात सीएमओएसचा (घड्याळाला वीज देणारा) सेल बरेचदा मेलेला असतो, तारीख मागे जाते, मग पिंग उत्तम आणि एकही साइट उघडत नाही, कारण सगळ्या प्रमाणपत्रांची तारीख चुकीची ठरते. लोक ते वायफायचं दुखणं समजतात.

खटपट्या:

५ चं वेगळं नाव, चॅनेल ३६, डब्ल्यूपीए२ एवढ्यावर ४३३ परत आलं आणि १०४०० ची नोंद थांबली. एएक्स बंद करावं लागलं नाही. मिश्र मोड परत लावला की नोंद पुन्हा येते, तेव्हा दोषी तोच दिसतो. शो ड्रायव्हर्समध्ये डब्ल्यूपीए३ नाहीच. कार्डच बदलायचं झालं तर ह्या लॅपटॉपला काय चालेल? इंटेलचं एएक्स२०१ सुचवलं जातंय.

शून्यएक:

एएक्स२०१ घेऊ नका, बसेल पण चालणार नाही. ते सीएनव्हीआय जातीचं आहे, म्हणजे वायफायचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये असतो, आणि त्याला लागणारी सीएनव्हीआयची पिढी तुमच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत येत नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, ही पूर्ण पीसीआयई कार्डं आहेत, म्हणजे सगळा मेंदू कार्डावरच. तुमचं सध्याचं क्यूसीए९३७७ पीसीआयईवर चालतं, म्हणजे स्लॉटला ती लाइन आहेच. दोन्हींना डब्ल्यूपीए३ येतं आणि दोन स्ट्रीम असल्याने ८० मेगाहर्ट्झवर लिंक १२०१ पर्यंत जाते.

विकत घेण्याआधी खालचं झाकण उघडून तीन गोष्टी बघा. कार्ड एम.२ २२३० आकाराचं, म्हणजे २२ बाय ३० मिलिमीटर आहे ना. काही मॉडेलमध्ये कार्ड बोर्डालाच डाख दिलेलं असतं, मग विषय संपला. अँटेनाच्या तारा किती: एकच तार असेल तर दुसरी अँटेना बसवल्याशिवाय दोन स्ट्रीमचा फायदा नाही. आणि बायोसमध्ये कार्डांची ठरावीक यादी आहे का. काही जुन्या लॅपटॉपवर यादीबाहेरचं कार्ड लावलं की सुरू होतानाच संदेश देऊन यंत्र थांबतं. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या कार्डांची नावं असतात, तिथे बघून घ्या.

बसवताना आधी नव्या कार्डाचा ड्रायव्हर डिस्कवर उतरवून ठेवा. चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा. अँटेनाची टोकं उचलताना तार ओढू नका, टोकाखाली प्लॅस्टिकचं पातं घालून सरळ वर उचला. लावताना टोक बरोबर मध्यावर ठेवून बोटाने सरळ खाली दाबा, ‘टक्’ लागतं. तिरकं दाबलं की आतली पिन वाकते आणि सिग्नल ३०-४० टक्क्यांवर येतो, मग लोक परत ड्रायव्हरला शिव्या देतात. कार्ड बदलल्यावर मॅक पत्ता बदलतो, तेव्हा राउटरमध्ये त्या पत्त्यावर काही बांधलं असेल तर ते नव्याने करा. ग्रुप पॉलिसीतली ड्रायव्हरची बंदीही तेव्हा उठवा, नव्या कार्डाला अपडेट मिळायला हवेत.